विश्लेषण : ‘चेक इंजिन’चा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो? दोष कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचाच असतो का?

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी मात्र नेहमीसारखीच चालत असते. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडल्यावर ‘पी०४२०’ हा कोड दिसतो. मेकॅनिक तो पुसतो, दिवा विझतो आणि आठवडाभरात पुन्हा लागतो. मग ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, बदलावा लागेल’ असा सल्ला मिळतो. हा भाग महाग असतो. तो बदलूनही काही महिन्यांत दिवा परत लागला, तर पैसे पाण्यात जातात. हा कोड नेमके काय सांगतो आणि खरा दोष कसा शोधावा, याविषयी…

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काय करतो?

इंजिनातून बाहेर पडणारा धूर सायलेन्सरपर्यंत जाण्याआधी कन्व्हर्टरमधून जातो. त्याच्या धातूच्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी असते. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. धूर या थराच्या संपर्कात आला की विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये, न जळलेल्या इंधनाचे पाणी व कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि नायट्रोजन ऑक्साइडचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होते. त्यासाठी कन्व्हर्टर तापावा लागतो. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास त्याचे काम सुरू होते.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसेयुक्त पेट्रोलने तो निकामी होतो, त्यामुळे त्याच्याबरोबरच शिसेविरहित पेट्रोलही आले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते.

बिघाड गाडीला कळतो कसा?

कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिला सेन्सर इंधन आणि हवेचे प्रमाण पाहतो. त्याच्या माहितीवरून इंजिनाचा संगणक इंधन कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे या सेन्सरचा आलेख सतत वर-खाली होतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान हलतो. कन्व्हर्टरमधील सिरियम ऑक्साइड धुरातील जादा ऑक्सिजन साठवते आणि कमी पडला की सोडते. त्यामुळे कन्व्हर्टर चांगला असेल तर दुसऱ्या सेन्सरचा आलेख जवळपास स्थिर राहतो. तोही पहिल्यासारखाच नाचू लागला, तर ऑक्सिजन साठवण्याची क्षमता घटली असा अर्थ संगणक काढतो. सलग दोन फेऱ्यांत तसे आढळले की सहसा दिवा लागतो.

‘पी०४२०’ म्हणजे कन्व्हर्टर गेलाच का?

नाही. ‘कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली दिसते’ एवढेच हा कोड सांगतो. का दिसते, हे तो सांगत नाही. सेन्सरच्या आसपास धुराच्या नळीला बारीक चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. दुसरा सेन्सर खराब असू शकतो. पावसाळ्यात जोडणीत ओलावा किंवा गंज शिरतो, पार्किंगमध्ये उंदीर वायर कुरतडतात. अशा वेळी कन्व्हर्टर ठणठणीत असूनही हाच कोड येऊ शकतो.

कन्व्हर्टर खराब कशामुळे होतो?

कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो. बहुतेक वेळा इंजिनातील दुसरा दोष त्याचा बळी घेतो. झिजलेला स्पार्क प्लग किंवा कमजोर इग्निशन कॉइलमुळे गाडी ‘मिसिंग’ करते. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि अतिउष्णतेने आतली जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असेल, तर त्यांतील घटकांचा थर जाळीवर बसतो. गळणारा इंजेक्टर गरजेपेक्षा जास्त इंधन सोडतो, त्याचाही हाच परिणाम होतो. बॅटरी उतरल्यावर गाडी ढकलून सुरू करण्याची सवयही घातक असते, कारण तेव्हाही कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरपर्यंत पोहोचते. खड्डा, दगड किंवा उंच गतिरोधकाचा मार बसला तर आतली सिरॅमिक जाळी तुटते.

मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

तपासणी कोणत्या क्रमाने व्हावी?

पहिली पायरी म्हणजे सगळे कोड वाचून लिहून घेणे. कोड पुसला की दिवा लागला त्या क्षणीच्या वेग, तापमान, इंजिनावरील भार अशा नोंदीही पुसल्या जातात. त्यामुळे आधी नोंद, मग बाकीचे.

दुसरी पायरी सोबतच्या कोडची. ‘पी०३००’ ते ‘पी०३०४’ हे कोड मिसफायरचे, ‘पी०१७१’ इंधन कमी पडत असल्याचा आणि ‘पी०१७२’ ते जास्त होत असल्याचा. यांपैकी काही असेल तर ते आधी दुरुस्त करायचे.

तिसऱ्या पायरीत नळीची गळती, सेन्सरच्या वायरी, ऑइल आणि कूलंटची पातळी पाहायची. नळीच्या जोडावर काजळीचे डाग किंवा थंड इंजिन सुरू करताना ‘टक-टक’ आवाज ही गळतीची लक्षणे.

चौथी पायरी दोन्ही सेन्सरचे आलेख पाहण्याची. इंजिन पूर्ण गरम करून २,००० ते २,५०० आरपीएमवर स्थिर ठेवायचे आणि दुसऱ्या सेन्सरचा आलेख स्थिर राहतो का ते बघायचे. अनेक नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वेगळ्या प्रकारचा असतो. त्याच्या व्होल्टची थेट तुलना करून चालत नाही.

चढावर गाडी दम तोडत असेल, वेग वाढतच नसेल तर जाळी तुंबल्याची शंका घ्यावी. पहिला सेन्सर काढून तिथे दाबमापक लावला की ती तपासता येते. गाडीखालून खुळखुळ ऐकू येत असेल तर जाळी तुटली असण्याची शक्यता मोठी.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत आणखी एक उपाय करावा. काही दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवावी. दिवा परत लागला नाही, तर आधी किटचे ट्यूनिंग तपासावे.

दिवा लागलेला असताना गाडी चालवावी का?

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर लगेच थांबण्याची गरज नसते. मात्र तपासणी लांबवू नये. दिवा उघडझाप करत असेल तर गंभीर मिसफायर सुरू आहे असे समजावे. वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे. अशा अवस्थेत रेटलेले काही किलोमीटरही चांगला कन्व्हर्टर जाळू शकतात. म्हणजे काही शे रुपयांच्या प्लगचे दुखणे मोठ्या खर्चावर जाते.

पीयूसी मिळाले म्हणजे सगळे ठीक?

तसे नाही. पीयूसी केंद्रावर गाडी उभी करून, इंजिनावर भार नसताना धूर मोजला जातो. अशा स्थितीत अर्धवट कमजोर झालेला कन्व्हर्टरही उत्तीर्ण होऊ शकतो. गाडीचा संगणक मात्र रस्त्यावर धावताना तपासणी करतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘बीएस-६’ आणि २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाल्यावर ही देखरेख अधिक काटेकोर झाली आहे.

कन्व्हर्टर काढून टाकला तर?

काही ठिकाणी जाळी फोडून रिकामा डबा बसवण्याचा किंवा सेन्सर फसवण्याचा ‘जुगाड’ सुचवला जातो. सेन्सर फसवून दिवा विझेलही, पण विषारी वायू थेट रस्त्यावर सुटतो. मोटार वाहन कायद्यानुसार प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

वरील सर्व तपासण्यांनंतरच कन्व्हर्टर बदलण्याचा निर्णय घ्यावा. त्याआधी वॉरंटी शिल्लक आहे का ते पाहावे आणि मूळ दोष कोणता होता, तो दुरुस्त झाला का, हे बिलावर लिहून घ्यावे. जुना कन्व्हर्टर गॅरेजमध्ये तसाच सोडू नये. त्यातील मौल्यवान धातूंमुळे भंगारातही त्याला चांगली किंमत असते.