पर्जन्यवृक्षाचा वैरी आणि त्याचे अदृश्य सोबती

घोडपदेवाहून भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे ज्यांचे नित्य जाणेयेणे आहे, त्यांस पर्जन्यवृक्षाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. दक्षिण अमेरिकेकडील हा पाहुणा एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आला आणि मुंबईच्या रस्त्यांवर छत्र धरून उभा राहिला. परंतु २०१० नंतरच्या दशकात शहरातील असे कितीतरी वृक्ष उभ्याउभ्या वाळून गेले.

या नाशाचे एक मोठे कारण म्हणजे पिठ्या ढेकूण. अंगास पीठ फासल्यासारखा दिसणारा हा कीटक कोवळ्या फांद्यांत सोंड खुपसून रस शोषतो. त्याच्या कुळातील काही जाती तर परदेशांतून आलेल्या आहेत. पपईवरील पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिकोकडील, तो २००८ साली कोइमतूर येथे प्रथम आढळला.

झाडाच्या रसात साखर विपुल, पण शरीर घडविणारी आवश्यक अमिनो आम्ले अत्यल्प. मग अशा निकृष्ट अन्नावर हा कीटक इतका फोफावतो कसा? त्याच्या देहातील खास पेशींत जिवाणूंचे बिऱ्हाड असते. ते ही उणीव भरून काढतात. लिंबाच्या जातीच्या झाडांवरील पिठ्या ढेकणात एका जिवाणूच्या पोटातच दुसरा जिवाणू नांदतो, असे २००१ साली उघडकीस आले. काही अमिनो आम्ले सिद्ध करण्याचे काम कीटक आणि हे दोघे आपसांत वाटून घेतात. आमच्या एकत्र कुटुंबांतही चूल इतकी सामाईक क्वचितच असेल! हे बिऱ्हाड आईकडून अंड्यावाटे पुढील पिढीस मिळते.

परंतु सूक्ष्मजीव जसे त्याचे अन्नदाते, तसेच त्याचा काळही होत. शेतकऱ्यांस ‘व्हर्टिसिलियम’ या नावाने परिचित असलेल्या बुरशीचे बीजाणू कीटकाच्या अंगावर रुजतात, कातडी भेदून आत शिरतात व त्यास मारतात. त्यांस दमट हवा मानवते. म्हणून आपला पावसाळा त्यांचा साथीदार ठरतो.

यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. कीड दिसताच जहाल औषध फवारण्याची घाई केल्यास मेणचट आवरणाखाली पुष्कळ कीटक बचावतात, आणि त्यांस खाणारे ढालकिडे मात्र बळी पडतात. त्यात बुरशीनाशक मिसळले, तर ही उपकारक बुरशीही जाते. फांदीवर पांढरे पीठ दिसताच महानगरपालिकेच्या उद्यान खात्यास कळवावे, बुंध्यास आवळणारे सिमेंट काढवून मुळांस पाणी पोहोचू द्यावे आणि जैविक उपायांचा आग्रह धरावा. शत्रूस पोसणारा कोण व मारणारा कोण, हे ओळखल्यावाचून उगारलेले शस्त्र बहुधा मित्रावरच पडते.