चांद्रघड्याळाचा कल्याण लोकलमधला हिशेब

१६,२५,००० डॉलर आणि हजाराच्या बरंच खाली डॉलर. दिसायला जवळपास सारख्या असलेल्या दोन घड्याळांच्या या किमती. पहिलं घड्याळ ऑक्टोबर २०१५ मध्ये लिलावात गेलं, त्या वेळच्या दराने साधारण साडेदहा कोटी रुपयांना. अपोलो १५ चे कमांडर डेव्हिड स्कॉट यांनी २ ऑगस्ट १९७१ रोजी चंद्रावर तिसऱ्यांदा बाहेर पडताना बांधलेलं ते बुलोवा. दुसरं म्हणजे बुलोवानेच २०१६ मध्ये काढलेली त्याची नवी आवृत्ती, 'लूनर पायलट'. किमतीतला फरक दोन हजार पटींच्या आसपास! स्कॉट यांच्याकडे नासाने दिलेलं ओमेगा होतंच. पण दुसऱ्या फेरीनंतर पाहतात तर त्याची काच निखळलेली. म्हणून त्यांनी जवळचं स्वतःचं बुलोवा बांधलं. साडेदहा कोटी त्या काच निखळण्याचे आहेत, यंत्राचे नाहीत.

आता ठाण्या-डोंबिवलीतल्या कुणाला असं नवं-जुनं घड्याळ घ्यावंसं वाटलं, तर कोणते आकडे पाहावेत?

मूळ घड्याळाशी साम्य किती, हे आधी बघू. अंतराळवीर वॉल्टर शिरा यांनी ३ ऑक्टोबर १९६२ च्या उड्डाणात वापरलेल्या ओमेगा स्पीडमास्टरची आवृत्ती २०१२ मध्ये आली आणि २०२४ मध्ये पुन्हा आली. व्यास ३९.७ मिलिमीटर, चेहरामोहरा जुना. आतलं यंत्र मात्र आजचं, तासाला २१,६०० ठोके देणारं. जुनं यंत्र, म्हणजे कॅलिबर ३२१, तासाला १८,००० ठोक्यांचं. तेही ओमेगाने पुन्हा घडवलं, आणि त्यासाठी अपोलो १७ च्या युजीन सर्नन यांच्या घड्याळाचं स्कॅनिंग केलं. जानेवारी २०२० मध्ये ते स्टीलच्या स्पीडमास्टरमध्ये आलं. नक्कल करायची तर अशी, पण तिची किंमतही तशीच. बुलोवाची गोष्ट उलटी. स्कॉट यांचं घड्याळ चावीचं. नवं सेलवर चालतं, सेकंदाला २,६२,१४४ कंपनांवर. साध्या क्वार्ट्झची ३२,७६८, म्हणजे बरोबर आठपट. परंपरावादी नाक मुरडतील, पण वेळ दाखवण्यात हे स्वस्त घड्याळ महागड्या ओमेगाला मागे टाकतं. ओमेगाच्या नव्या ३८६१ यंत्राला दिवसाला ० ते ५ सेकंद पुढे जाण्याची मुभा आहे. महिन्याला अडीच मिनिटांपर्यंत. शिवाय चावी पुरते ५० तास. शुक्रवारी रात्री ९ वाजता पूर्ण चावी देऊन कपाटात ठेवलं, तर रविवारी रात्री ११ ला ते थांबतं. सोमवारच्या लोकलला त्याच्या भरवशावर निघू नये.

'नासाने तपासलेलं' हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. तपासणी खरीच कडक होती : ९३ अंश सेल्सियसमध्ये अर्धा तास, उणे १८ अंशांत चार तास, ४० जीचे सहा धक्के, आणि किमान ९५ टक्के दमट हवेत २४० तास. दहा दिवस दमट हवा हे ऐकून आपल्याकडचा माणूस हसेल. आपला अख्खा जुलै त्यातच जातो. पण १ मार्च १९६५ ला उत्तीर्ण ठरली ती त्या काळची स्पीडमास्टर घड्याळं. आज काचेच्या कपाटातून बाहेर काढून दाखवतात ते घड्याळ त्या परीक्षेला बसलेलं नाही.

आपल्याकडे खरा शत्रू पाणी. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात लोकलच्या दारातली झड. आणखी एक अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर यांचं ब्रायटलिंग कॉस्मोनॉट २४ मे १९६२ रोजी पृथ्वीला तीन फेऱ्या मारून नीट परतलं आणि समुद्राच्या पाण्याने बिघडलं. २०२२ मध्ये त्याच्या ३६२ नव्या प्रती निघाल्या. त्यांची जलरोधकता ३० मीटर. हा आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा. त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी चालेल, एवढाच. स्पीडमास्टर आणि लूनर पायलट ५० मीटरचे.

आता खिसा. स्विस घड्याळावर २० टक्के सीमाशुल्क, त्यावर दहावा हिस्सा अधिभार, मग १८ टक्के जीएसटी : एक लाखाचं घड्याळ बंदरातून बाहेर पडेपर्यंत १,४३,९६० रुपयांचं होई, दुकानदाराचा नफा वेगळाच. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार हे शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचं आहे. तेव्हा तोच हिशेब १,१८,००० वर येईल. दहा लाखांवरच्या घड्याळाला मात्र २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस आहे. तो प्राप्तिकरात वळता होतो.

स्टेशनबाहेरची 'फर्स्ट कॉपी' या हिशेबात धरलेलीच नाही. तिच्यातल्या लहान डायलांचे काटे फिरतीलच याची हमी नाही.

माझा कौल असा : रोज अंबरनाथ किंवा कल्याण फास्ट पकडणाऱ्याने सेलवरचं लूनर पायलट घ्यावं. स्विसच हवं असेल आणि घाई नसेल, तर शुल्काचे पुढचे टप्पे उतरेपर्यंत थांबावं. आणि कोणतंही घेतलं तरी पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड मागून घ्या.