आडनाव डिसोझा, म्हणून रक्त पोर्तुगीज?

‘आमचे मूळ पुरुष पोर्तुगीज,’ असे गोव्यातले, वसईतले काही ख्रिस्ती मोठ्या अभिमानाने सांगतात. ‘तुम्ही तर पोर्तुगीजांची औलाद,’ असे त्यांना टोचून बोलणारेही भेटतात. एकाची फुशारकी, दुसऱ्याचा टोमणा, पण पुरावा दोघांकडे एकच: आडनाव. डिसोझा, परेरा, रॉड्रिग्ज ही आडनावे पोर्तुगालची, म्हणजे माणसेही तिथलीच! चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची चार पाने नीट वाचली तर हा तर्क टिकत नाही. पण वाद घालायला सगळे तयार असतात, वही उघडायला कोणी नसते.

आधी ही आडनावे आली कुठून ते पाहू. गोवा पोर्तुगीजांकडे १५१० साली गेला, वसई १५३४ साली. पुढच्या काही दशकांत मोठ्या संख्येने धर्मांतरे झाली. एकेका समारंभात शेकडो लोकांना बाप्तिस्मा दिल्याची वर्णने जेझुइटांच्या पत्रांत आहेत. प्रत्येक नवख्रिस्ती माणसाला धर्मपिता लागे, आणि हा धर्मपिता बहुधा पोर्तुगीज अधिकारी, सैनिक किंवा व्यापारी असे. १५५८ ते १५६१ या काळात व्हाइसरॉय असलेला दों कोन्स्तान्तिनु द ब्रागांसा स्वतः अशा समारंभांना हजर राहून धर्मपिता होत असे. नवख्रिस्ती माणसाला नाव मिळे ते संताचे, धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे, आणि आडनावही याच मंडळींकडून येई. दोन सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगळे असले, तर एकाचे घराणे सोझा आणि दुसऱ्याचे मिनेझिस होऊ शके. रक्ताचा संबंध त्या दोन भावांत होता, आडनाव देणाऱ्यांशी नव्हता.

त्यात पोर्तुगीज रीत अशी की बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीत बाळाचे नुसते नाव लिहीत. ‘अमक्या दिवशी या चर्चमध्ये मी आंतोनियूला बाप्तिस्मा दिला, अमका आणि अमकी यांचा औरस मुलगा, राहणार अमका वाडा, धर्मपिता अमका’ असा साधारण मजकूर असतो. आडनाव आई-बापाच्या नावापुढे शोधायचे. मुलाने पुढे आईचे आडनाव लावले तरी त्यात कोणाला वावगे वाटत नसे. म्हणजे घराणे बदलत नाही, पण दोन पिढ्यांत आडनाव बदलते. आडनावाचा धागा धरून मागे जाणारा माणूस इथेच चुकतो आणि भलत्याच कुटुंबाचा वंशवृक्ष घरी घेऊन येतो.

एवढ्याने ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी गोव्याच्या गावकरीकडे पाहावे. कोमुनिदाद म्हणतात ती हीच, गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था. पोर्तुगीजांनी तिचे रीतिरिवाज १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, लिहून घेतले, म्हणजे ती त्यांच्या आधीची हे त्यांनाही मान्य होते. गावकराचा हक्क बापाकडून मुलाकडे जातो. पैसे देऊन घेता येणारे भाग वेगळे, जन्माने मिळणारे गावकरपण वेगळे. आज तिसवाडी, बार्देस, साष्टीतल्या कितीतरी गावांत जन्माने गावकर असलेल्या ख्रिस्ती घराण्यांची आडनावे पोर्तुगीज आहेत. त्यांचा मूळ पुरुष लिस्बनहून गलबतातून उतरला असता, तर हा हक्क त्यांना मिळाला कसा असता? वसईचेही तसेच. सामवेदी ख्रिस्ती घरात आजी नातवाशी कादोडीत बोलते. ही बोली काही पोर्तुगालहून आलेली नाही.

धर्म बदलला की आडनाव बदलतेच, असेही नाही. प्रॉटेस्टंट मिशनांत तशी सक्ती नव्हती. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक शेवटपर्यंत टिळकच राहिले. कोणत्या काळात, कोणाच्या राज्यात, कोणत्या पंथाकडून बाप्तिस्मा झाला, यावर सगळे अवलंबून.

मिश्र वंशाची घराणी नव्हतीच, असे मी म्हणत नाही. होती, आणि पोर्तुगीज प्रशासन त्यांना ‘देसेन्देन्त’ म्हणून वेगळे मोजत असे. वेगळे मोजावे लागत होते, यातच बाकीच्यांविषयीचे उत्तर आले.

आता थोडक्यात इतर समजुती. ‘पहिल्या ख्रिस्ती पूर्वजापासूनची नोंद चर्चमध्ये असणारच.’ नसते. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवण्याचा सार्वत्रिक नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली केला. मृत्यूची नोंद १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने आली. त्यानंतरच्या वह्यांनाही दमट हवा, वाळवी आणि कागद खाणारी शाई पुरून उरली, त्यामुळे अनेक ठिकाणी धागा बराच अलीकडे तुटतो.

‘सगळी दफ्तरे लिस्बनला नेली.’ अठराव्या शतकात गोव्याहून लिस्बनला गेले ते व्हाइसरॉयच्या पत्रव्यवहाराचे खंड. धर्मग्रामांच्या वह्या त्या-त्या चर्चमध्ये राहिल्या, काही पुढे पणजीच्या पुराभिलेखागारात आल्या. ‘इन्क्विझिशनने सगळे जाळले’ ही याच समजुतीची बहीण. १८१२ साली गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, कायमचे बंद झाले आणि त्याचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले, हे खरे. पण ते खटल्यांचे कागद होते. तुमच्या पणजीच्या लग्नाची नोंद त्यात कधीच नव्हती.

‘बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख.’ नाही. जन्मतारीख दिली असेल तर ती वेगळी लिहिलेली असते.

‘मृत्यूच्या वहीत काय मिळणार?’ गावाच्या इतिहासाचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार तीच आहे. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग किंवा १९१८ चा इन्फ्लुएंझा आपल्या गावात कधी शिरला आणि कोणत्या वाड्यात रेंगाळला, हे नोंदींच्या गर्दीवरून कळते.

‘सगळे इंटरनेटवर आहे.’ थोडे आहे. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी चर्चांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवत असत, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच आज संगणकावर दिसतात. गावातल्या कॅथलिक चर्चच्या वहीसाठी मात्र बहुतेकदा गावातच जावे लागते.

जाताना आडनाव सांगून थांबू नका. गाव, वाडा, आजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव, लग्नाचे अंदाजे साल एवढे लिहून न्या. धर्मग्राम पुढे विभागला गेला असेल तर जुनी वही मूळ चर्चमध्ये असते, हे आधी विचारून घ्या. वह्या फादरांच्या ताब्यात असतात आणि त्यांत इतरांच्या घरच्याही गोष्टी असतात, म्हणून परवानगी मागायची, हक्क सांगायचा नाही. नोंद सापडली की समास वाचायला विसरू नका: १९०८ पासून लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करण्याचा नियम आहे, त्यामुळे मुलगी लग्न होऊन कोणत्या गावी गेली हे बऱ्याचदा तिथेच कळते. आणि धर्मपिता, धर्ममाता, लग्नाचे साक्षीदार ही नावे उतरवून घ्याच. बाळाला आडनावच नसते तिथे घराणे ओळखायला हीच नावे उपयोगी पडतात.