पन्नास पावलांचा किनारा
मॉरिशसच्या कष्टकरी कुटुंबांची बिनखर्चाची सहल

मॉरिशस म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सिनेमातले निळे पाणी आणि समुद्राकाठची महागडी हॉटेले उभी राहतात. ती तिथे आहेतच. पण त्या बेटावर सुमारे साडेबारा लाख माणसे राहतात, त्यांतली बहुतेक आपल्यासारखीच पगारावर, मजुरीवर, उसावर आणि भाजीपाल्यावर पोट भरणारी आहेत. ती काही हॉटेलात जात नाहीत. मग सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन ही माणसे करतात तरी काय?

बेट तसे लहान. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे मोठे, एवढेच. मुंबईहून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर दूर, हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला. जमीन ज्वालामुखीतून झालेली, म्हणजे दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा. उसाच्या फडांत मध्येच या काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. रान लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून काढलेले हे दगड. त्या मजुरांत बिहारी होते, तमिळ होते, तेलुगू होते आणि मुंबई बंदरातून बोटीत बसलेली आपली कोकणातली माणसेही होती. मुळात ऊस तोडायला आणलेल्या लोकांनी वसवलेला हा देश आहे.

अशा देशात समुद्रकिनारा कुणाचा, हा प्रश्न साधा नाही.

पावलांचा हिशेब

फ्रेंचांच्या अमदानीपासून तिथे एक रिवाज चालत आला. भरतीच्या रेषेपासून आत पन्नास पावले जमीन सरकारची, ती कुणाला विकायची नाही. हे पाऊल म्हणजे आपले चालण्याचे पाऊल नव्हे, दोन पावले मिळून एक धरायचे. त्या हिशेबाने पट्टा सुमारे ८१ मीटर भरतो. पुढे इंग्रज आले, त्यांनी १८९५ साली याचा कायदा केला. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, तरी पट्टा तसाच राहिला. तोफा ठेवता याव्यात, शत्रूवर नजर राहावी म्हणून राखलेली जमीन आज सामान्य माणसाच्या सहलीला उपयोगी पडते आहे.

मात्र जमीन विकता येत नसली तरी भाड्याने देता येते, आणि हॉटेले उभी राहिली ती या भाडेपट्ट्यांवर. तरीसुद्धा भरतीच्या रेषेखालची ओली वाळू सर्वांची आहे. हॉटेलापुढून कुणी चालत गेला तर त्याला हटकण्याचा अधिकार हॉटेलवाल्याला नाही. शिवाय किनाऱ्याचे काही भाग सरकारने 'सार्वजनिक किनारे' म्हणून जाहीर केले आहेत. त्यांची देखभाल करायला २००२ सालच्या कायद्याने वेगळे प्राधिकरण नेमले. पश्चिमेचा फ्लिक-आं-फ्लाक, पूर्वेचा बेल मार, उत्तरेचा माँ श्वाझी, आग्नेयेचा ब्लू बे हे त्यांतले नावाजलेले. तिथे तिकीट नाही, फाटक नाही.

पातेली, पोळ्या आणि रावान

रविवारी सकाळी या किनाऱ्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या भरून जातात. सार्वजनिक बसचे भाडे मुळातच बेताचे. त्यातून २००५ सालापासून विद्यार्थी आणि वृद्ध यांना बसप्रवास फुकट आहे. आजीआजोबा आणि नातवंडे यांचा खर्च असा परस्पर सुटतो. मोठे कुटुंब असेल तर चुलत-मावस मिळून एक गाडीच ठरवतात आणि भाडे वाटून घेतात. आपल्याकडे जत्रेला टेंपो करतात तसेच.

किनाऱ्याला सुरूची झाडे आहेत. कोकणात वाऱ्याला आडोसा म्हणून लावतात तीच ही. त्यांच्या सावलीत चटई पसरायची, ताडपत्री ताणायची, की झाले घर. घरून आणलेली पातेली उघडतात. बिर्याणी असते, मासळीची आमटी असते, डाळीचे तिखट वडे असतात. आणि 'डाल पुरी' तर हवीच. ही आपल्या पुरणपोळीची बिहारकडची बहीण म्हणावी. आत शिजवून वाटलेली पिवळी डाळ असते, गूळ नसतो. ती घेवड्याच्या रश्श्याबरोबर नाहीतर टोमॅटोच्या तिखट रश्श्याबरोबर गुंडाळून खातात. बेटावर कुठल्याही जातिधर्माच्या माणसाला ही पोळी परकी नाही. (पातेली भरायला पहाटे कोण उठते, हे मात्र आमच्या भगिनींना सांगायला नको. ते तिकडेही इकडच्यासारखेच असावे.)

दुपार कलली की वाद्ये निघतात. 'सेगा' हे तिथले गाणे आणि नाच. आफ्रिकेतून व मादागास्करमधून धरून आणलेल्या गुलामांनी दिवसभराच्या कामानंतर गायलेले. नाचताना पाय वाळूवरून फारसे उचलत नाहीत, घासत सरकवतात. मुख्य वाद्य 'रावान' : लाकडी कड्यावर शेळीचे कातडे ताणलेला मोठा डफ. वाजवण्याआधी तो जाळावर शेकून घेतात, अगदी आपली हलगी शेकतात तसा. कातडे तापले की आवाज चढतो. दुसरे वाद्य 'मारावान' तर शेतकऱ्याने मुद्दाम पाहावे असे आहे. उसाला तुरा येतो ना, त्या तुऱ्याचे दांडे एकमेकांना जोडून चपटी पेटी करतात आणि आत बिया भरतात. दोन्ही हातांत धरून हलवली की पाऊस पडल्यासारखा नाद निघतो. आपण तुरा आला की वजन घटले, उतारा पडला म्हणून कपाळाला हात लावतो. त्यांनी त्यातून वाद्य काढले! या सेगाला २०१४ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. पण रविवारच्या किनाऱ्यावर त्याला ना व्यासपीठ लागते ना ध्वनिक्षेपक.

मुलांचा उद्योग वेगळाच. ओल्या वाळूत बोटे घालून ती 'टेक-टेक' शोधतात, म्हणजे कोकणातल्या तिसऱ्यांसारख्या बारीक शिंपल्या. लाट ओसरली की त्या झटकन खाली रुततात, त्याआधी पकडाव्या लागतात. तासाभरात टोपलीच्या तळाशी जमतील तेवढ्या घरी नेऊन त्यांचे गरम सार करतात.

बेटाच्या बहुतेक भोवती प्रवाळाचा नैसर्गिक बांध आहे. लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतले पाणी उथळ, शांत राहते. म्हणून पोरांना डुंबता येते. पण या बांधाला जिथे खिंडी आहेत तिथे ओढ फार जोराची असते. दक्षिणेला ग्री-ग्री येथे तर समोर बांधच नाही. तिथे लोक कड्यावरून लाटा पाहतात, पाण्यात उतरत नाहीत. उथळ पाण्यातही अनवाणी चालू नये असे तिकडची माणसे बजावतात. तळाशी हुबेहूब दगडासारखा दिसणारा एक मासा पडून असतो आणि त्याच्या पाठीच्या काट्यांत जहाल विष असते. जुने रबरी बूट घालून पाण्यात शिरणारा म्हातारा दिसला तर हसू नये.

डोंगर, रान आणि पेरू

समुद्राचा कंटाळा आला तर डोंगर आहेत. सर्वांत उंच शिखर अवघे ८२८ मीटर, म्हणजे आपल्या राजगड-तोरण्यापुढे पोरसवदा. पण चढ खडा आहे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान १९९४ साली झाले, ते साडेसहा हजार हेक्टरांवर पसरले आहे आणि तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मॉरिशसचा ससाणा याच डोंगरांत तगला. १९७४ साली रानात असे चारच पक्षी उरल्याचे आढळले होते. अंडी उबवून, पिले वाढवून, सोडून ती जात पुन्हा शेकड्यांवर आणली आहे.

या रानात हिवाळ्याच्या तोंडाला (विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तो आपल्या उन्हाळ्याच्या अखेरीस येतो) लहान लाल पेरू पिकतात. सुपारीएवढे, आंबटगोड. तिथे त्याला 'चिनी पेरू' म्हणतात, आहे मात्र तो मूळचा ब्राझीलचा. आपण करवंदे-जांभळांना जातो तशी कुटुंबेच्या कुटुंबे पिशव्या घेऊन पेरूंना जातात. मीठ-मिरची लावून तिथेच अर्धे संपतात. वनखात्याला हे झाड मुळीच आवडत नाही. बाहेरून आलेले हे झुडूप इतके माजले आहे की त्याखाली मूळच्या झाडांची रोपे जगत नाहीत. आपल्या घाणेरीसारखी गत. फरक एवढाच की हिची फळे गोड, म्हणून लोकांचा तिच्यावर राग नाही.

नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न हा ५५६ मीटरचा एकटा कातळ समुद्रात घुसलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यावर लपून राहत. लोक सांगतात, गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन शिपाई वर येऊ लागले, तेव्हा आपल्याला धरायलाच आले असे वाटून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. गुलामगिरी तिथे १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. तो दिवस आज सुटीचा आहे. २००८ पासून डोंगर जागतिक वारसा आहे आणि पायवाटेने वर जाता येते. शेवटचा टप्पा हातापायांनी चढावा लागतो, तेव्हा पहाटे निघावे आणि पाऊस असेल तर जाऊच नये.

गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. पोर्ट लुई बंदरात ते जिथे उतरत, तो आप्रवासी घाटही पाहायला फुकट आहे. बोटीतून उतरून चढायच्या सोळा दगडी पायऱ्या अजून तिथे आहेत. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसे या देशात आली. आपल्या कोकणी पूर्वजांचे वंशज आज घरात क्रेओल बोलतात, पण गणेशचतुर्थीला, जी तिथे सार्वजनिक सुटी आहे, जाखडीच्या तालावर नाचतात. गणपतीचे विसर्जन होते ते अर्थात समुद्रात नाहीतर नदीत.

महाशिवरात्रीला तर सारे बेटच चालू लागते. गंगा तलाव हे डोंगरातले ज्वालामुखीच्या विवरातले तळे. पांढरे कपडे घालून, खांद्यावर सजवलेली कावड घेऊन लाखो लोक पायी तिथे जातात. वाटेत गावोगाव लोक मांडव घालून पाणी, सरबत, जेवण देतात, पाय चेपायलाही पुढे होतात. पंढरीची वाट चाललेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

वाळू आणि पाचट

इतके सगळे फुकट आहे म्हणजे ते आपोआप टिकते असे नाही. पूर्वी प्रवाळाच्या आतल्या पाण्यातून होड्या भरभरून वाळू काढत आणि घरे बांधत. किनारे खचू लागले, तेव्हा २००१ साली हा उपसा बंद केला. आता तिथे बांधकामाला दगड दळून केलेली वाळू वापरतात. आपल्या नद्यांकाठच्या वाचकांनी याची नोंद घ्यावी. दक्षिणेला पॉम्पोनेत येथे सार्वजनिक किनाऱ्याचा तुकडा यादीतून काढून हॉटेलाला देण्याचे ठरले, तेव्हा २०१६-१७ च्या सुमारास लोक रस्त्यावर आले. 'आमचा किनारा चोरू नका' एवढेच त्यांचे म्हणणे. मला विचाराल तर गायरानासाठी भांडलेल्या कुठल्याही गावाला ही भाषा ओळखीची वाटेल.

पण खरी परीक्षा झाली ती २५ जुलै २०२० ला. 'वाकाशिओ' नावाचे जपानी मालकीचे प्रचंड मालवाहू जहाज आग्नेयेला पोइंत देनी येथे प्रवाळावर चढले. बारा दिवसांनी, ६ ऑगस्टला, त्यातून तेल गळू लागले. सुमारे हजार टन काळे तेल त्या निळ्या पाण्यात आले. ब्लू बेचे प्रवाळ जवळच, महेबूर गावचे मच्छीमार त्याच पाण्यावर जगणारे. सरकारी मदत येईपर्यंत लोक थांबले नाहीत. ऊसतोडीचा हंगाम चालू होता, फडांत पाचट पडलेले होते. ते गाड्यांनी किनाऱ्यावर आणले. बायका, मुले, मास्तर, मजूर अशा हजारोंनी जाळीच्या व कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, आत पाचट कोंबले, तरंगावे म्हणून रिकाम्या बाटल्या बांधल्या. माणसांनी डोक्याचे केसही कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. असे मैलोगणती बांध त्यांनी हातांनी करून पाण्यात सोडले.

सगळे तेल त्याने अडले नाही. कांदळवनाच्या मुळांना चिकटलेले तेल काढण्याचे काम पुढे कित्येक महिने चालले, कारण एकेक मूळ हातानेच धुवावे लागते. मासेमारी बंद राहिली, किनारे बंद राहिले. मग एकेक किनारा पुन्हा खुला होत गेला आणि रविवारच्या बसगाड्या पातेल्यांसकट परत येऊ लागल्या.