साखळीचे तेलपाणी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर दिवस फार लवकर उजाडतो. रात्री समुद्रावर गेलेल्या होड्या धक्क्याला लागतात, बांगडा, सुरमई, म्हाकूळ यांच्या राशी पडतात, लिलावाची बोली सुरू होते. आणि सूर्य पुरता वर येण्यापूर्वीच मासळीच्या पेट्या मोटारसायकलींवर बांधून विक्रेते गावोगाव निघतात. कोणी पावसच्या वाटेने जातो, कोणी हातखंबा आणि पालीच्या बाजूस वळतो. पेटीतला बर्फ वितळण्याच्या आत गिऱ्हाइकाच्या दारी पोचायचे असते. वाट कोकणातली, म्हणजे एक चढ संपतो न संपतो तोच दुसरा समोर उभा.

काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी मी हातखंब्याच्या अलीकडे एका लहानशा गॅरेजात बसलो होतो. एक तरुण विक्रेता आपली मोटारसायकल ढकलत तेथे आला. ऐन चढावर साखळी तुटली होती. पेटीखालून बर्फाचे पाणी ठिबकत होते आणि त्याचे सारे लक्ष त्या थेंबांकडे होते.

मेस्त्रींनी तुटलेली साखळी हातात घेतली. "काय रे, हिला तेल घालत होतास की नाही?" त्यांनी विचारले.

"रोज घालतो, मेस्त्री," तो काकुळतीने म्हणाला. "बघा ना, कशी काळीभोर चमकते आहे."

साखळी खरोखरच तेलाने माखलेली होती. मेस्त्रींनी तिची एक कडी दोन्ही हातांनी वाकवून पाहिली. ती सहजासहजी वाकेना. जरा जोर लावला तेव्हा सांध्यातून कुईऽ असा आवाज निघाला, आणि आतून तांबूस पूड गळून त्यांच्या तळहातावर पडली. "तेल तू साखळीच्या अंगाला लावलेस," मेस्त्री म्हणाले, "सांध्यांना नाही."

नवी साखळी चढेपर्यंत ऊन वर आले. विक्रेत्याने निम्मी मासळी तेथेच रस्त्याच्या कडेला मिळेल त्या भावाने विकून टाकली. मेस्त्रींचे ते एक वाक्य मात्र माझ्या मनात राहिले. रोज तेल घालूनही साखळी आतून गंजून कोरडी पडते, हे कसे? याचे उत्तर शोधायचे तर साखळी आतून कशी असते ते आधी पाहिले पाहिजे.

दुरून पाहता साखळी म्हणजे लोखंडी पट्ट्यांची एक माळ वाटते. जवळून पाहाल तर तिच्या कड्या दोन प्रकारच्या दिसतील: एक आतली, एक बाहेरची, पुन्हा आतली, पुन्हा बाहेरची. बाहेरच्या कडीच्या दोन पट्ट्या दोन खिळ्यांनी घट्ट जोडलेल्या असतात. या खिळ्याला कारागीर पिन म्हणतात. आतल्या कडीच्या पट्ट्यांना दोन पोकळ नळ्या बसवलेल्या असतात. त्यांना बुश म्हणतात. पिन बुशमधून आरपार जाते व त्यात फिरते. बुशवर आणखी एक सैल नळी चढवलेली असते, ती म्हणजे रोलर. दातेरी चाकाचा दात येऊन टेकतो तो या रोलरवर. रोलर स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे दातावर घासण्याऐवजी तो गडगडत जातो.

ही रचना १८८० साली हान्स रेनॉल्ड या कारागिराने शोधून काढली. तो मूळचा स्वित्झर्लंडचा. इंग्लंडात मँचेस्टर येथे येऊन स्थायिक झाला होता. सूतगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनवणारा एक लहानसा कारखाना त्याने आदल्या वर्षी विकत घेतला होता. त्या काळच्या साखळ्यांत बुश नसे. पिनेवर पट्टीची पातळ कडच घासत राही आणि थोड्याच दिवसांत पिनेला खाचा पडत. रेनॉल्डने मध्ये बुश घातले, तेव्हा पिनेवरचा भार एका धारेवर न राहता साऱ्या नळीच्या लांबीवर पसरला. एवढ्याशा नळीने साखळीचे आयुष्य कितीतरी वाढले. सायकलीला मागच्या चाकाने चालवण्याची सोय झाली ती अशाच साखळीमुळे, आणि पुढे मोटारसायकलीनेही तीच साखळी उचलली.

आता या सांध्याला काम किती पडते, त्याचा हिशेब करू. हिशेब सोपा आहे, पाटी-पेन्सिल घ्या. समजा, एका मोटारसायकलीच्या साखळीत ११२ कड्या आहेत आणि मागच्या दातेरी चाकाला ४२ दात आहेत. मागचे चाक एकदा फिरले की ४२ कड्या पुढे सरकतात. म्हणजे साखळीची एक पूर्ण फेरी व्हायला चाकाचे सुमारे पावणेतीन फेरे लागतात, आणि तेवढ्यात गाडी सुमारे पाच मीटर पुढे जाते. या एका फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वाकतो किंवा सरळ होतो: पुढच्या लहान चाकावर चढताना व उतरताना, आणि मागच्या मोठ्या चाकावर चढताना व उतरताना. एका किलोमीटरला साखळीच्या फेऱ्या झाल्या दोनशे, आणि प्रत्येक सांध्याच्या हालचाली आठशे. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. तेथे पोचेपर्यंत साखळीतली एकूण एक पिन आपल्या बुशमध्ये एक लाखाहून अधिक वेळा घासलेली असते, आणि तीही इंजिनाचा सारा ओढा अंगावर घेऊन!

हे घासणे पोलादावर पोलाद असे झाले, तर दोन्ही झिजतात. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असला, तर पिन जणू त्या तेलावर तरंगते. वंगण म्हणतात ते यालाच. शब्द जुना आहे. बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना तुमच्या आजोबांनी पाहिले असेल. वंगण आटलेली गाडी करकरू लागली, की घरातले शहाणे माणूस अंगणातूनच ओरडत असे.

लोक म्हणतात, "साखळी ताणली गेली, लांब झाली." लांब होते हे खरे, परंतु ती रबरासारखी ताणली जात नाही. तिच्या पट्ट्या होत्या तेवढ्याच राहतात. झिजतात त्या पिना आणि बुश. एका सांध्यात झीज झाली समजा एक मिलिमीटरचा दहावा भाग. ती डोळ्यांना दिसणारही नाही. पण सांधे आहेत ११२. सगळ्यांची झीज मिळून साखळी ११ मिलिमीटरांहून अधिक वाढते, आणि तेवढी वाढ कोणालाही दिसते. अशी साखळी दातांच्या खाचांत नीट बसत नाही. ती दातांच्या टोकांवर चढू लागते, दात झिजवून त्यांना आकड्यासारखे वाकडे करते, आणि एखाद्या दिवशी निसटते. निसटलेली साखळी मागच्या चाकात अडकली, तर चाक जागच्या जागी थांबते. घाटाच्या उतारावर असे झाले, तर नुकसान मासळीपुरते राहत नाही.

अशी झीज सगळीकडेच होते; परंतु रत्नागिरीत ती लवकर होते. याला समुद्र, पाऊस आणि माती अशी तिन्ही कारणे आहेत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. लाटा फुटतात तेव्हा त्यांचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर गावात येतात. किनाऱ्यालगतच्या घरांच्या खिडक्यांचे गज का गंजतात, ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्या खाऱ्या ओलीत लोखंड झपाट्याने गंजते. पावसाळ्यात तर येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने रस्त्यावरचे पाणी चाकाने उडून साखळीवर आदळत राहते आणि सांध्यांतले तेल हळूहळू धुऊन नेते. पाऊस सरला की जांभ्याची तांबडी धूळ उडू लागते. किनाऱ्यावर गाडी नेणाऱ्यांना वाळूही भेटते. मांडवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचे जड खनिज असते. वाळूचे टणक कण सांध्यात शिरले म्हणजे तेथे कानशीच चालू लागते.

आता त्या तरुण विक्रेत्याची चूक कळेल. तो रोज साखळीवर भरपूर तेल ओतत होता. पण आधीची घाण पुसत नव्हता. धूळ आणि तेल यांचा चिकट राळा साखळीवर चढला होता. त्याने सांध्यांच्या फटी बुजल्या आणि नवे तेल बाहेरच राहिले. शिवाय त्या राळ्यात आणखी धूळ अडकत गेली. तेल जास्त झाले म्हणजे वंगण जास्त झाले, असे मुळीच नाही.

तेल फटीत शिरते कसे, हे समईच्या वातीवरून समजते. वातीच्या धाग्यांमधल्या बारीक जागेतून तेल आपोआप वर चढते. त्याच गुणामुळे पट्ट्यांच्या मधल्या फटीत सोडलेला तेलाचा थेंब पिनेपर्यंत पोचतो. तेल पातळ असेल तर तो लवकर पोचतो, आणि साखळी थोडी गरम असली तर आणखी लवकर. कारण उष्णतेने तेल पातळ होते. म्हणून गाडी चालवून आल्यावर लगेच वंगण घालणे चांगले. वंगण आत शिरायला वेळ लागतो, यासाठी रात्री घालून ठेवावे हे उत्तम. सकाळी निघायच्या घाईत घातलेले तेल पहिल्या वळणावरच मागच्या चाकावर उडते, आणि चाकाच्या रबरावर तेल म्हणजे घसरण्याला आमंत्रण.

कोकणात घरोघरी खोबरेल असते, म्हणून कोणी तेच साखळीला लावतात. ते योग्य नव्हे. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. पौषातल्या पहाटे बाटलीत थिजलेले तेल तुम्ही पाहिले असेलच. शिवाय वनस्पतींपासून काढलेली पुष्कळ तेले हवा लागून कालांतराने चिकट होतात. मोटारसायकलीच्या साखळीला साधारणपणे ९० क्रमांकाचे गिअर तेल किंवा साखळीसाठी मुद्दाम बनवलेले वंगण वापरतात. दर ५०० किलोमीटरांनी ते घालावे, असे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात इतकी वाट पाहू नये. भिजून आलेली साखळी पुसून त्याच दिवशी तेल घालावे, हेच बरे. आपण या कामाला 'तेलपाणी' म्हणतो खरे, पण साखळीला त्यातले तेलच तेवढे मानवते.

मेस्त्रींनी त्या सकाळी नवी साखळी चढवून झाल्यावर विक्रेत्याला सारे काम करून दाखवले. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहते. इंजिन बंदच ठेवले. इंजिन चालू ठेवून साखळी पुसणाऱ्यांची बोटे दातेरी चाकात सापडून तुटली आहेत; ही गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. मग ते एका हाताने चाक सावकाश फिरवत म्हणाले, "आधी रॉकेलच्या ब्रशाने घाण काढायची, फडक्याने कोरडी करायची. पेट्रोल नको." काही साखळ्यांत पिनेच्या दोन्ही अंगांना रबराच्या बारीक कड्या असतात व त्यांच्या आत कारखान्यातच ग्रीज भरलेले असते. पेट्रोलने ते रबर खराब होते. त्यानंतर खालच्या बाजूने जाणाऱ्या साखळीच्या वरच्या अंगावर, पट्ट्यांच्या फटींत, त्यांनी थेंब थेंब तेल सोडले. साखळी चाकावरून वळते तेव्हा तेल बाहेरच्या बाजूस फेकले जाते. म्हणून ते आतल्या बाजूने घातले की सांध्यातून वाट काढत बाहेर येते. सगळी साखळी एकदा फिरून आली, तेव्हा त्यांनी कोरडे फडके घेतले आणि बाहेरचे तेल पुसून टाकले.

"अहो, पुसता कशाला?" तो तरुण म्हणाला.

"आत गेले ते तुझे. बाहेर राहिले ते धुळीचे," मेस्त्रींनी उत्तर दिले.

जाताजाता त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. साखळीची दोन टोके ज्या कडीने जोडतात, तिच्यावर एक लहान चिमटा असतो. त्याचे एक टोक मिटलेले आणि दुसरे उघडे. साखळी ज्या दिशेने धावते, त्या दिशेला मिटलेले टोक असावे लागते. उलटे बसले तर एखादा खडा लागून चिमटा निघून येऊ शकतो.

मोटारसायकल चालवण्याचे वय तुम्हांला अजून यायचे आहे. परंतु ज्यांच्या घरी सायकल आहे, त्यांना साखळीची झीज आजच मोजता येईल. सायकलीच्या साखळीत एका पिनेपासून शेजारच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. म्हणून नव्या साखळीत एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर बारा इंच भरतात. तुमच्या दप्तरातली फूटपट्टी तेवढीच आहे. साखळी पुसून घ्या, पेडलवर हलका दाब देऊन ती ताठ ठेवा, पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि चोविसावी पिन कोठे येते ते पाहा. ती बारा इंचांच्या रेघेवर असेल, तर साखळी चांगली आहे. रेघेच्या पुढे एक-अष्टमांश इंच गेली असेल, तर साखळी बदलण्याची वेळ टळून गेली आहे, आणि दातेरी चाकांचे दातही एकदा तपासून पाहावे लागतील.