कोपऱ्यातून फिरणारी गोळी

फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये जुन्या कारागिरांच्या पेटीत एक दांडी असायची, टोकाला लोखंडी गोळी असलेली. लाकडी पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यात मेणाची वात ठेवायची, गोळी गरम करायची आणि कोपऱ्यातून ओढत न्यायची. दोन्ही भिंतींना टेकत ती पुढं सरके आणि मागं गुळगुळीत गोलाई राही. त्रिज्या बदलायची तर गोळी बदला. एकाच कडेवर गोलाई 3 मिलिमीटरपासून 10 पर्यंत वाढवत न्यायची असेल, तर मात्र गोळीचा उपयोग नाही; तिथं कानस आणि नजर.

पुढं कॅडमध्ये फिलेट, म्हणजे हीच कोपऱ्याची गोलाई, कशी तयार होते हे वाचलं, तेव्हा हसू आलं. कोपऱ्यातून एक काल्पनिक गोळी फिरवायची, ती दोन्ही पृष्ठभागांना जिथं टेकते तिथून नवा पृष्ठभाग बांधायचा. फरक एवढाच, की ही गोळी चालता चालता फुगू शकते.

त्याआधी संगणकाला वक्ररेषा शिकावी लागली. जहाजबांधणीत लाकडाची लवचिक पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून वळण काढत. स्प्लाइन हा शब्द तिथला. 1959 मध्ये सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी वक्ररेषेचं गणित मांडलं, पण कंपनीनं ते गुपित ठेवलं. पिएर बेझिए यांनी रेनोमध्ये साठच्या दशकात त्याच वाटेनं युनिसर्फ ही प्रणाली उभी केली, आणि नाव झालं त्यांचं. 1975 मध्ये केन व्हर्स्प्रिल यांनी सिरॅक्यूज विद्यापीठातल्या प्रबंधात रॅशनल बी-स्प्लाइन मांडल्या. कडेच्या दृष्टीनं मला हा टप्पा मोठा वाटतो. फिलेटचा छेद म्हणजे वर्तुळाचा तुकडा, आणि बेझिएच्या साध्या वक्ररेषेत अचूक वर्तुळ बसतच नाही; रॅशनलमध्ये बसतं.

केंब्रिजमध्ये इयन ब्रेड आणि मंडळी घन आकारांची प्रणाली बांधत होती, ती याच सत्तरच्या दशकात. तिथं ‘कड’ ही वस्तू झाली: बोट ठेवून दाखवता येणारी, जिच्यावर क्रिया करता येते अशी. 1988 च्या प्रो/इंजिनिअर या सॉफ्टवेअरनं त्या क्रियेला आकड्यानं बांधलं. आकडा बदलला की सगळा भाग नव्यानं घडे. आमच्या टूलरूममधल्यांना त्यातलं ‘ट्राजपार’ हे चलपद फार आवडे. आकार ज्या वाटेवरून ओढायचा तिच्या सुरुवातीला त्याची किंमत 0, शेवटी 1. रुंदी = 2 + 6 × ट्राजपार असं लिहिलं, की वळणावरून जाणारी कड 2 मिलिमीटरपासून 8 पर्यंत सावकाश रुंदावे. ऑटोकॅड 1982 चं, पण वाटेवरून आकार ओढताना तो लहान-मोठा करू देणारी स्वीप आज्ञा त्यात 2007 च्या आवृत्तीत आली.

एकदा मात्र मी फसलो. प्लॅस्टिकच्या मुठीचा साचा होता. मुठीच्या वळणावर निमुळता चॅम्फर, म्हणजे तिरपी छाटलेली कड, हवा होता. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये स्प्लाइनच्या स्वतःच्या मापावर मी रुंदी बांधली. 0.5 म्हणजे निम्मी वाट, असा माझा समज. प्रत्यक्षात त्या स्प्लाइनचे बिंदू एका टोकाला दाटीवाटीनं बसले होते, त्यामुळं 0.5 ची जागा आली एक तृतीयांशाच्या आसपास. चॅम्फर आधी धावत सुटला आणि मग एकदम रेंगाळला. पडद्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिला नमुना हातात घेतल्यावर अंगठ्याला कळलं. तेव्हापासून मी आधी विचारतो: हे माप लांबीचं आहे, की स्प्लाइनचं?

फुगत्या गोळीचीही दुखणी आहेत. आतल्या बाजूला वळणाऱ्या कडेवर गोळी वळणापेक्षा मोठी झाली, की पृष्ठभाग स्वतःवरच दुमडतो आणि आज्ञा नापास होते. त्याहून चिवट दुखणं शून्याचं. डिझायनरला कड टोकाशी पूर्ण विरून जायला हवी असते. तिथं त्रिज्या 0 दिली, की पृष्ठभागाची एक बाजू बिंदूत मिटते. गणिताला असं टोक मानवत नाही, मिलिंगच्या कटरला तर नाहीच. गोल नाकाचा कटर स्वतःच्या त्रिज्येपेक्षा लहान कोपरा काढणार कुठून?

म्हणून आम्ही मॉडेलमध्ये शेवटी 0.2 ठेवायचो आणि ड्रॉइंगवर त्या जागी बाण काढून लिहायचो: ‘टोक हातानं मिटवा.’ मग डाय फिटर ऑइलस्टोन घेऊन बसायचा, आणि दर दोन-चार घासण्यांनंतर त्या वळणावरून नख फिरवून बघायचा.