द्राक्षाचा मेणाचा अंगरखा

मार्च महिन्यात तासगाव-कवठेमहांकाळ भागातून जाताना रस्त्याच्या कडेला लांबलचक शेड दिसतात. वर छप्पर, बाजूंना हिरवी शेडनेट आणि आत जाळीचे रॅक, एकावर एक दहा-एक मजले. प्रत्येक मजल्यावर द्राक्षं पसरलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोडंच पडतं. बाहेर अडतीस अंशांचं फुकट ऊन तापलेलं आणि ही माणसं द्राक्षं सावलीत सुकवतायत! आपल्या आया-आज्यांनी तर कुरडया, पापड, सांडगे, सगळं रणरणत्या गच्चीवर टाकलं.

या कोड्याच्या आधी आणखी एक कोडं सोडवावं लागतं. द्राक्षाचा एक अखंड मणी घरात ताटलीत ठेवून द्या. आठवड्याने तो थोडा मऊ पडेल, थोडा सुरकुतेल, फार तर सडेल, पण बेदाणा काही होणार नाही. त्याच्याच शेजारी एक मणी अर्धा चिरून ठेवा. तो त्या मानाने झपाट्याने आक्रसतो. आत पाणी तेवढंच आणि हवाही तीच, मग अख्ख्या मण्यातलं पाणी अडवतं कोण?

ताज्या द्राक्षावर बोट फिरवलं की पांढुरकी धुरकट झाक पुसली जाते. आपण तिला फवारणीचा अंश समजून घाईघाईने धुतो. कधी तो अंश असतोही, म्हणून धुवावंच. पण पुष्कळदा ती वेलीचीच देणगी असते, मेणाची. एका चौरस सेंटिमीटरवर हे मेण भरतं जेमतेम मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ते मंगलोरी कौलांच्या छपरासारखं दिसतं: बारीक पापुद्रे, एकावर एक चढवलेले. या मेणाचा सुमारे दोन तृतीयांश भाग ओलिॲनोलिक आम्ल नावाच्या पदार्थाचा असतो. पाऊस बाहेरून आत शिरत नाही आणि आतलं पाणी बाहेर पडत नाही. वेलीला बी पिकेपर्यंत फळ रसरशीत ठेवायचं असतं, तिच्या दृष्टीने हा अंगरखा अगदी चोख शिवलेला आहे. बेदाणा करणाऱ्याच्या वाटेत मात्र तोच आडवा येतो.

तोडगा शेडच्या दारातल्या टाकीत असतो. एक लिटर पाण्याला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर 'डिपिंग ऑइल' अशा दुधी द्रावणात द्राक्षांचे क्रेट दोन-चार मिनिटं बुडवतात आणि मग घड रॅकवर टाकतात. डिपिंग ऑइल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट, तेलातल्याच एका आम्लापासून केलेलं. मेणाला तेल आपलं वाटतं. ते पापुद्र्यांच्या फटींत शिरतं, कौलं जराशी हलतात आणि पाण्याच्या वाफेला वाट मिळते. गंमत अशी की साल कुठेही फाटत नाही, मेण निघूनही जात नाही. हे द्रावण पुन्हा धुऊन टाकलं तर सुकण्याचा वेग परत मंदावतो. म्हणजे दार किलकिलं होतं, मोडत नाही. साल फाटली असती तर गोड रस बाहेर आला असता, मणी एकमेकांना चिकटले असते आणि माश्यांना पंगत पडली असती.

ही युक्ती सांगलीत जन्मली नाही आणि कुठल्या आधुनिक प्रयोगशाळेतही नाही. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला द्राक्षं सुकवण्याची रीत सांगताना राखेची उकळती निवळी घ्यायला सांगतो आणि तिच्यात थोडं चांगलं तेल घालायला सांगतो. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेटच असतं. मेणाचे पापुद्रे कुणी पाहिलेही नव्हते तेव्हा भूमध्य समुद्राकाठच्या शेतकऱ्याला राख आणि तेल ही जोडी सापडली होती. 'का' हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. मला या क्रमाचं फार अप्रूप वाटतं.

द्रावण न वापरता दार उघडण्याची वाट पाहणारेही आहेत. अफगाणिस्तानातले शेतकरी मातीच्या भिंतींत झरोके ठेवून 'किशमिशखाना' बांधतात, चीनच्या तुर्फानमध्ये विटांची जाळीदार घरं असतात. तिथे घड टांगून ठेवतात आणि कोरडा वारा महिना-सव्वा महिना आपलं काम करत राहतो. सांगलीत तेच काम बारा-पंधरा दिवसांत उरकतं. आपल्याकडे हा वेळ मोलाचा आहे, कारण एप्रिल उजाडला की शेतकऱ्याचा एक डोळा आभाळाकडे असतो. अवकाळीचे ढग आले की हवा दमट होते आणि बेदाण्याचा रंग उतरतो.

आणि रंग म्हणजे दर. तासगावच्या सौद्यात हिरव्याचा भाव वेगळा, पिवळ्याचा वेगळा आणि काळ्याचा तर विचारूच नका. सावलीचं उत्तर इथे आहे, आणि ते आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून होतं. वांगं चिरलं की आपण फोडी लगेच पाण्यात टाकतो, नाहीतर काळ्या पडतात. वांग्यात आणि द्राक्षात विकराची, म्हणजे एन्झाइमची, जात एकच, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. पेशी धडधाकट असताना हा विकर एका कप्प्यात असतो आणि तो ज्यांना काळं करतो ते पदार्थ दुसऱ्या कप्प्यात. उन्हाने मणी भाजला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि हवेच्या साक्षीने मणी तपकिरी होतो. सावलीत मणी तेवढा तापत नाही, हरितद्रव्यही टिकतं. शिवाय दार आधीच किलकिलं असल्यामुळे पाणी भराभर निघून जातं, साखर दाटते आणि त्या दाट पाकात विकराचे हातपाय गारठतात. वेग आणि सावली असं दोन्ही साधलं तर हिरवा बेदाणा. पिवळ्याधमक रंगासाठी गंधकाची धुरी देतात, त्यानेही हाच विकर जागच्या जागी बसतो.

आता थोडा हिशेब. एक टन द्राक्षांत सुमारे ८०० किलो पाणी असतं. त्यातून बेदाणा निघतो अदमासे पाव टन, म्हणजे साडेसातशे किलोंच्या वर पाणी वाफ होऊन जातं. एवढ्या पाण्याची वाफ करायला विजेच्या भाषेत पाचशे युनिट लागतील, तेही यंत्रात उष्णता जराही वाया न जाता. शेडमधून जाणारा वारा हे सगळं बिल न पाठवता करतो. मणी इतका आटतो की त्याचं घनफळ पाचव्या हिश्शाहून कमी उरतं. तेवढ्या गोळ्याला झाकायला पूर्वीच्या सालीचा तिसरा हिस्सा पुरेसा असतो. उरलेली साल जाणार कुठे? ती घड्या घालून बसते. बेदाण्याच्या सुरकुत्या या भूमितीच्या सुरकुत्या आहेत.

सगळं पाणी मात्र जात नाही. चांगल्या बेदाण्यात पंधरा-सोळा टक्के पाणी राहतं, आणि राहायलाच हवं, नाहीतर तो खडा होईल. पण ज्वारीत एवढी ओल राहिली तर पोत्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही. मग बेदाणा कसा वाचतो? १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या डब्ल्यू. जे. स्कॉट या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की जंतूंना पाणी किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं, मोकळं किती आहे याच्याशी असतं. या मोकळेपणाला 'वॉटर ॲक्टिव्हिटी' म्हणतात. शुद्ध पाण्याची १. बहुतेक जीवाणू ०.९१ च्या खाली हात टेकतात, बहुतेक बुरश्या ०.७ च्या आसपास, आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. बेदाण्यात साखर इतकी ठासून असते की उरलेलं जवळपास सगळं पाणी तिने धरून ठेवलेलं असतं. बुरशीचा कण त्यावर बसला तरी बिचाऱ्याला घोटभर मिळत नाही. मधाचंही असंच आहे.

या मोजमापाची खरी जादू पुढे आहे. तोच आकडा हवेलाही लागू पडतो. हवेत ७० टक्के आर्द्रता असेल तर तिच्यात ठेवलेला पदार्थ शेवटी ०.७ वर येऊन थांबतो, त्याखाली कितीही दिवस ठेवला तरी उतरत नाही. सह्याद्रीच्या अलीकडे, पर्जन्यछायेतल्या सांगलीत मार्चच्या दुपारी हवा खणखणीत कोरडी असते, म्हणून सावली चालते. पलीकडे कोकणात समुद्राची ओल हटत नाही. तिथल्या सावलीत द्राक्षं टांगली असती तर बुरशीचीच शेती झाली असती. म्हणून कोकणाने दुसरा मार्ग धरला. कोकमाची साल मीठ लावून, तिच्याच रसात पुन्हापुन्हा बुडवून, दर वेळी कडक उन्हात वाळवायची. ऊन पदार्थाला तापवून त्याच्या भोवतीची हवा तेवढ्यापुरती कोरडी करतं, मीठ उरलेलं पाणी बांधून ठेवतं आणि आंबटपणा जंतूंना नकोसा होतो. आमसूल आणि बेदाणा यांच्यामध्ये एक डोंगररांग आहे, आणि दोघांची कृती त्या डोंगराने अडवलेल्या ढगांनी ठरवली आहे. आंबोशीला, सुकवलेल्या गवारीला, सांडग्यांनाही आपापल्या गावच्या हवेचं असंच काहीतरी उत्तर असणार, ते शोधण्यात एक उन्हाळा सहज जाईल.

एवढं वाचल्यावर घरातला बेदाण्याचा डबा पाहून घ्या. जुलैत मुंबई-पुण्याच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. त्या हवेत झाकण सैल राहिलं तर सांगलीच्या वाऱ्याने पंधरा दिवस राबून बाहेर काढलेलं पाणी बेदाणा हळूहळू परत पिऊ लागतो, आणि ०.६ ची रेघ तो कधी ओलांडतो ते डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा पावसाळ्यापुरता तरी बेदाणा घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात बाहेर चालेल.